शेवभाजीचा फोटो काळा येतो, भरीत राखाडी दिसतं. हॉटेलसाठी मोबाईलवर फोटो कसे काढावेत?

हायवेचं_हॉटेल (पाळधी)

राम राम मंडळी. पाळधी आणि एरंडोलच्या मधे हायवेला लागून आमचं छोटं हॉटेल आहे. गल्ला आणि टेबलं यजमान बघतात, चूल माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. शेवभाजी, भरीत, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळगंडोरी, रविवारी वरण-बट्टी. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर खापरावरचे मांडेही करतो. एकदा जेवून गेलेला माणूस पुन्हा थांबतो, त्याची मला काळजी नाही. पण आता नवीन माणूस गाडीत बसल्या बसल्या मोबाईल बघून ठरवतो कुठे थांबायचं ते. आमच्या नावावर गूगलला जे फोटो दिसतात ते सगळे गिऱ्हाइकांनी टाकलेले. एकात अर्धं खाल्लेलं ताट, एकात हात धुवायचं बेसिन.

म्हणून मीच काढायला घेतले. दिवसा वेळ मिळत नाही, तर रात्री गर्दी ओसरली की ट्यूबलाईटखाली काढते. शेवभाजीचा रस्सा काळाकुट्ट येतो, तर्री दिसतच नाही. भरीत समोर हिरवंगार असतं, फोटोत राखाडी होतं. दुपारी बाहेर शेडमध्ये काढून बघितलं तर भाकरीवर हिरवट झाक आली. मुलगा म्हणतो फिल्टर लाव, नाहीतर एआयकडून करून घे. एक स्टुडिओवाले येऊन गेले, त्यांनी आमच्या पंधरा दिवसांच्या किराण्याएवढा आकडा सांगितला.

मोबाईल साधाच आहे, दोन वर्षं जुना. त्यात काही जमेल का? आणि जेवण आहे तसंच दिसलं पाहिजे. खोटं काही टाकायचं नाही, हे आधीच सांगते.

उजेडवाला (भुसावळ)

ताई, नक्की जमेल. मी मूळचा लग्नाचा फोटोग्राफर, पण गेली काही वर्षं जळगाव-भुसावळकडच्या हॉटेलांची आणि खानावळींची कामं जास्त करतो. तुमच्या मोबाईलमध्ये काही खोट नाही. तुम्ही जेवण चुकीच्या उजेडात ठेवताय, एवढंच आहे. आपल्याकडचं जेवण काळ्या मसाल्याचं, भाजलेल्या वांग्याचं, कळण्याच्या करड्या भाकरीचं. पिवळ्या-केशरी पदार्थांना कसाही उजेड चालतो, आपल्या जेवणाला चालत नाही. म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आधी ती हिरवी झाक. तुमच्या शेडसमोर उन्हाचं हिरवं शेडनेट बांधलंय ना? नसेल तर छपरात हिरवा किंवा निळा फायबरचा पत्रा असणार. एरंडोलपासून भुसावळपर्यंत निम्म्या हॉटेलांत हेच आहे, आणि एप्रिल-मे मध्ये त्याला इलाजही नाही. पण त्या जाळीतून येणारा उजेड हिरवा होऊनच ताटावर पडतो. डोळा त्याला सरावतो, कॅमेरा सरावत नाही. फोटोपुरती जाळी एका बाजूने गुंडाळून वर बांधा, किंवा ताट अशा दाराशी न्या जिथे जाळी नाही.

रात्रीची ट्यूब सोडूनच द्या. हॉटेलात बहुतेक वेळा पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लावलेले असतात. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची, पिवळा एलईडी ३००० च्या आसपास. मोबाईल एका वेळी एकच रंग सावरू शकतो. एक सुधारला की दुसरा बिघडतो. तुमचं भरीत राखाडी होतं ते याच भानगडीत. शिवाय ट्यूब डोक्यावर असते, तिचा उजेड वाटीत सरळ वरून पडतो आणि रस्सा सपाट दिसतो.

सकाळी आठ ते दहा किंवा दुपारी साडेचारनंतर दाराजवळ एक टेबल लावा. ऊन थेट ताटावर नको, दारातून येणारा नुसता उजेड हवा. घरातले सगळे दिवे बंद. फ्लॅश कधीच नाही.

आता शेवभाजी. वाटी अशी ठेवा की दार वाटीच्या मागे, किंचित डावीकडे किंवा उजवीकडे येईल. म्हणजे उजेड समोरून तुमच्याकडे येतोय आणि मधे वाटी. दाराकडे पाठ करून उभं राहू नका, सगळे नेमकं तेच करतात. उजेड मागून आला की तर्रीच्या तेलावर चकाकी येते, लाल रंग उघडतो आणि गरम रस्स्याची वाफसुद्धा दिसते. मागे गडद भिंत असेल तर जास्तच. मग मोबाईल चार बोटं वर घ्या, चार बोटं खाली घ्या. एका उंचीवर सगळा रस्सा पांढरा चमकेल, एका उंचीवर चकाकी पूर्ण जाईल. त्या दोन्हींच्या मधे एक जागा अशी सापडते की चकाकी फक्त वाटीच्या कडेला कोयरीएवढी राहते आणि बाकी तर्री लालभडक दिसते. तिथे थांबायचं. वाटीची तुमच्याकडची बाजू अंधारात राहील, तिथे थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरा पुठ्ठा उभा धरा. मिठाईच्या खोक्याचं आतून पांढरं असलेलं झाकणही चालतं.

रस्सा काळा येण्याचं अजून एक कारण आहे. मोबाईल चौकटीतल्या सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. स्टीलचं ताट चमकतंय, टेबल पांढरं आहे, तर त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो सगळंच दाबून टाकतो. आधीच गडद असलेला काळा मसाला मग पुरता काळा होतो. म्हणून बोट रस्स्यावर टेकवा, तसंच दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच कुलूपबंद होतो. मग बाजूला जे सूर्याचं चिन्ह येतं ते अगदी थोडं खाली-वर करा. टेबलावर पांढरा कागद किंवा फ्लेक्सचा तुकडा टाकू नका. जुनी लाकडी फळी, घोंगडी, नाहीतर धान्याचं स्वच्छ पोतं उत्तम.

शेव शेवटी. रस्सा वाटीत ओतला, पातेल्यातली वरची तर्री पळीने त्यावर घेतली, उजेड आणि उंची ठरली, की मग शेव टाका आणि लगेच फोटो घ्या. जाड शेव पहिला मिनिटभर उभी राहते. नंतर ती रस्सा पिते, फुगते आणि खाली बसते. तेव्हा खायला छान लागते, पण फोटोत नुसता लगदा दिसतो. वाटी खोल असेल तर बदला. तेवढीच भाजी पसरट वाटीत वाढा, म्हणजे शेव वर दिसेल.

भरिताचं गणित वेगळं आहे. आपलं भरिताचं वांगं फिकट हिरवं, त्याचा गरही पांढरट-हिरवा. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तुमचं वांगं बामणोदकडचं असेल तर हे फोटोखाली जरूर लिहा. पण हा रंग टिकत नाही. भरीत तासभर ठेवलं की काळवंडतं आणि पाणी सुटतं. त्यामुळे बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचून झालं, मिरची-लसणाची फोडणी पडली, की तिथेच पाच मिनिटांत फोटो. वर कच्ची कांद्याची पात आणि दाणे टाका, पण रोज जेवढे टाकता तेवढेच. भाजताना लागलेले काळे कण वेचून काढू नका. ज्याला भरीत कळतं तो आधी तेच शोधतो, कारण काड्यांवर भाजल्याची खूण तीच आहे. केळीच्या पानावर भरीत वाढू नका, हिरव्यावर हिरवं हरवतं. पान ताटाखाली अंथरा आणि भरीत पांढऱ्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवा.

भरिताचा खरा फोटो तर ताटात नसतोच, ताई. थंडीत संध्याकाळी कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजता ना? तो जाळ, वरची फुटलेली साल, उलथणारा हात. दिवस मावळताना, आकाश अजून निळं असताना काढा. बोट ज्वाळेवर दाबून उजेड कमी करा, नाहीतर जाळ नुसता पांढरा ठिपका येईल.

कळण्याची भाकरी अख्खी दाखवू नका, गोल करडी चकती दिसते. मोडा. एका बाजूने उजेड घ्या, म्हणजे पापुद्रा सुटलेला दिसतो, बोटांचे ठसे दिसतात. शेजारी फोडलेला कांदा आणि ठेचा. कांदा आयत्या वेळी फोडा, सुकलेली कड फोटोत फार उठून दिसते.

मांड्यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. तुमच्याकडे मांडे होतात, हे तुमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे, आणि तुम्ही ते यादीत शेवटी लिहिलंत! हातावर फिरवून मोठा केलेला मांडा खापरावर पडायच्या आधी क्षणभर हवेत असतो. उजेड त्याच्या मागून आला तर आतलं पुरण पारदर्शक होऊन दिसतं. असा फोटो कुठल्या पंचतारांकित हॉटेलकडे नाही. सासूबाईंची हरकत नसेल तर त्यांचे हात आणि कोपरापर्यंतची हालचाल व्हिडिओत घ्या. चेहरा घ्यायचा तर आधी विचारून.

मोबाईलचं थोडक्यात: काढण्याआधी मागची काच ओढणीने पुसा. स्वयंपाकघरातल्या मोबाईलवर तेलाचा हात लागलेलाच असतो, त्यामुळे फोटो धुरकट येतो आणि लोक कॅमेऱ्याला दोष देतात. फार जवळ जाऊन काढू नका, वाटीचा आकार वाकडा होतो. दोन पावलं मागे सरा आणि झूम २एक्स (दुप्पट) करा. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो शेवेची टोकं आणि पातीची पानं कापून टाकतो. अख्खं ताट दाखवायचं तर सरळ वरून. वाटी, भाकरी, बट्टी दाखवायची तर जेवायला बसलेला माणूस बघतो त्या कोनातून.

पेज_सांभाळतो (धुळे)

वरचं सगळं बरोबर आहे, पण खरं सांगू का काकू, एवढा वेळ कुणाकडे असतो? मी धुळ्यातल्या दोन-तीन हॉटेलांची पेजेस बघतो. आजकाल एआयला साधा फोटो दिला की तो दोन मिनिटांत चकाचक करून देतो. नाहीतर नेटवर शेवभाजीचे पन्नास फोटो पडलेत, त्यातला एखादा घ्या आणि खाली तुमचा लोगो टाका. स्पर्धा इतकी आहे की आधी नजर थांबली पाहिजे, चव नंतर.

उजेडवाला (भुसावळ)

दादा, तुझी मेहनत मला मान्य आहे, पण हा सल्ला ताईंनी अजिबात ऐकू नये.

एआयला शेवभाजी सांगितली की टोमॅटोचा केशरी रस्सा, त्यावर बारीक नायलॉन शेव आणि कोथिंबिरीचा तुरा येतो. भरीत सांगितलं तर जांभळ्या वांग्याचं पंजाबी भरता येतं. खान्देशातला माणूस ते बघूनच ओळखतो की इथे आपलं जेवण मिळत नाही. आणि बाहेरचा माणूस ते बघून आला तर समोर काळ्या मसाल्याची वाटी पाहून म्हणतो, फोटोतलं द्या. म्हणजे चांगली शेवभाजी करूनही बोलणं ताईंनाच खावं लागणार.

दुसऱ्याचा फोटो उचलणं ही तर उघड चोरी आहे. फोटोला कॉपीराईट असतो. आणि ताटात नसलेली वस्तू जाहिरातीत दाखवणं हे नुसतं नीतीचं राहिलेलं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तरतूद आहे, अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे वेगळे नियम आहेत. मला हॉटेलवाले विचारतात, तर्रीत रंग टाकू का, वर कच्चं तेल ओतू का. मी नाही म्हणतो. उजेड बदला, जागा बदला, भांडं बदला, पदार्थ बदलू नका. फोटो थोडा उजळ करणं, वाकडा असेल तर सरळ करणं, कडा कापणं, इथपर्यंतच मी जातो. रंग गडद करायची ती पट्टी असते ना, तिला मी हात लावत नाही. लाल तिखट लगेच गुलाबी व्हायला लागतं.

हायवेचं_हॉटेल (पाळधी)

भाऊ, एवढं सविस्तर लिहिलंत, फार बरं वाटलं. शेडनेट हिरवंच आहे, तुम्ही न बघता ओळखलंत. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हात घे, चेहरा घे, काय हवं ते घे, पण मांडा फाटला तर तो टाकू नको.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. स्टुडिओवाल्यांकडून वर्षातून एकदा तरी काढून घ्यावेत का? आणि सकाळी आठ-दहाला आमच्याकडे भाजी तयार नसते, अकरानंतर तयार होते. तेव्हा ऊन पार वर आलेलं असतं.

उजेडवाला (भुसावळ)

अकराला ऊन वर असलं तरी उत्तरेकडचं दार किंवा खिडकी असेल तर तिथला उजेड वर्षातला बराच काळ दिवसभर मऊच असतो. फक्त मे-जूनच्या सुमारास सूर्य उत्तरेकडे सरकतो, तेव्हा तिथेही तिरकं ऊन येऊ शकतं. तसं दार नसेल किंवा ऊन आत येत असेल तर खिडकीला पांढरं जुनं धोतर किंवा पातळ चादर बांधा, त्यातून गाळून येणारा उजेड चालतो. चादर पांढरीच हवी. फुलाफुलांची लावलीत तर तिचाही रंग ताटात उतरेल.

स्टुडिओबद्दल. मी स्वतः त्याच धंद्यातला आहे, तरी सांगतो की रोजच्या ताटाला गरज नाही. मांड्यांचा व्हिडिओ आणि काड्यांवरचा जाळ एकदा चांगल्या माणसाकडून करून घ्यायला हरकत नाही, आणि तो थंडीत करा, वांग्याचा हंगाम असताना. पैसे ठरवताना किती फोटो, कधी देणार आणि कुठे कुठे वापरता येणार हे कागदावर घ्या. कॉपीराईट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. त्यामुळे सही करण्याआधी वाचा.

सुरतवाला_सावद्याचा

मी फोटोग्राफर नाही, खाणारा आहे. सुरतला कापड मार्केटात काम करतो आणि सणावाराला नवापूर, धुळे, पारोळा, एरंडोल करत सावद्याला घरी जातो. म्हणजे वहिनी, तुमच्या दारावरूनच जातो. मी काय बघतो ते सांगतो.

जेवणाचा फोटो मी दुसऱ्यांदा बघतो. आधी बाहेरचा बघतो. दिवसा उजेडी काढलेला हॉटेलचा दर्शनी भाग, पाटीसकट. गाडी लावायला जागा आहे का, बायको-मुलांना बसायला नीट जागा आहे का, आणि स्वच्छतागृह. या तिसऱ्या गोष्टीचा फोटो कुणीच टाकत नाही, आणि बाई-माणसांना बरोबर घेऊन प्रवास करणाऱ्याला तोच सगळ्यात महत्त्वाचा. तुमचं स्वच्छ असेल तर बेधडक टाका. त्या बेसिनच्या फोटोचं वाईट वाटून घेऊ नका, बेसिन घासून-पुसून तुम्हीच एक नवा टाका.

मेनूकार्डाचा सरळ, वाचता येईल असा फोटो हवा, भावासकट. भाव वाढले की जुना काढून टाका. गाडीतून उतरल्यावर वेगळा भाव ऐकला की जेवण कितीही चांगलं असो, मन खट्टू होतं.

आणि भरिताचं एक. उन्हाळ्यात ते हिरवं वांगं मिळत नाही, तेव्हा फोटोखाली लिहा की भरीत थंडीतच मिळेल. गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी फोटो बघून थांबलो आणि जांभळ्या वांग्याचं गोडसर काहीतरी पुढे आलं. तिथे परत गेलो नाही.

पेज_सांभाळतो (धुळे)

नेटवरचा फोटो उचलण्याचं मी मागे घेतो, ते बरोबर नव्हतं. एआयबद्दलही पटलं. पण टाकण्याबद्दल माझं ऐका काकू, ते मी रोज करतो.

गूगलवर आधी बिझनेस प्रोफाईल तुमच्या नावावर घ्या, म्हणजे मालक म्हणून फोटो टाकता येतात आणि कव्हर कोणता हवा ते सुचवता येतं. फोटो जेपीजी किंवा पीएनजी लागतो, १० केबी ते ५ एमबीच्या मधला, आणि किमान ७२० बाय ७२० पिक्सेल असला तर बरा. इन्स्टाग्रामवर आडवा फोटो छोटा दिसतो, उभा १०८० बाय १३५० करा. मांड्यांचा व्हिडिओ रीलसाठी मोबाईल उभा धरूनच काढा, नंतर कापत बसू नका.

आणि मुलाच्या मोबाईलवरून तुमच्या मोबाईलवर फोटो घेताना व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, तो दाबला जातो आणि तर्रीचे बारीक थेंब पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कितीतरी हॉटेलांचे चांगले काढलेले फोटो इथेच खराब होतात.

हायवेचं_हॉटेल (पाळधी)

उत्तरेला स्वयंपाकघराची मागची खिडकी आहे. तिच्यासमोर पिठाचे डबे रचलेत, ते आज हलवते. स्वच्छतागृहाच्या फोटोचं यजमानांना पटत नव्हतं, पण सुरतवाल्या भाऊंचं वाचल्यावर तेच म्हणाले, आधी चुना मारून घेऊ, मग काढू.

उजेडवाले भाऊ, बट्टीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तुपात तळलेली बट्टी फोडून वरण ओतलं की फोटोत सगळं पिवळंच पिवळं दिसतं, बट्टी कुठली आणि वरण कुठलं ते कळत नाही.

उजेडवाला (भुसावळ)

वरण ओतू नका ना. बट्टी फोडा, आतले पापुद्रे बाजूच्या उजेडाकडे करा, त्यावर तूप सोडताना फोटो घ्या आणि वरणाची वाटी मागे ठेवा. शेजारी घोटलेली वांग्याची भाजी वाढली की तिचा गडद रंग येतो, मग पिवळं वेगळं दिसतं. तूप सोडायला दुसरं माणूस लागेल. धार बारीक आणि जरा उंचावरून. तुम्ही मोबाईल धरून एकामागून एक बरेच फोटो काढा, त्यातला एक निवडा.

रविवारचे निघाले की इथे टाका, बघून सांगतो.